वस्तुमान आणि वजन

वस्तुमान आणि वजन या भौतिकशास्त्रातील दोन भिन्न राशी आहेत. पदार्थाच्या गतीत बदल घडवू पाहणाऱ्या बलाला तो पदार्थ किती विरोध करतो, हे ज्या राशीने मोजले जाते तिला वस्तुमान म्हणतात. पृथ्वी किंवा अन्य एखादा खगोल त्या पदार्थाला ज्या बलाने आपल्याकडे ओढतो, त्या बलास वजन म्हणतात. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात, तर वजन हे बल असल्यामुळे न्यूटन या एककात मोजतात. वस्तुमान ही अदिश राशी असून स्थळ बदलल्याने ती बदलत नाही. वजन ही सदिश राशी असून तिची दिशा पृथ्वीच्या केंद्राकडे असते आणि तिचे मूल्य स्थळानुसार बदलते.

व्यवहारात मात्र दोन्हींसाठी ‘वजन’ हा एकच शब्द वापरला जातो आणि तो किलोग्रॅममध्ये सांगितला जातो. त्यामुळे भौतिकशास्त्राचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. हा गोंधळ केवळ अज्ञानातून आलेला नाही. पृथ्वीवर कोणत्याही एका ठिकाणी या दोन राशी एकमेकींच्या अचूक समप्रमाणात असतात, म्हणून एक मोजली की दुसरी आपोआप कळते. हे समप्रमाण का असावे, हा प्रश्न भौतिकशास्त्रातील अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक ठरला.

शब्दांविषयी

‘वस्तुमान’ हा वस्तु आणि मान (माप) या दोन संस्कृत शब्दांपासून बनलेला शास्त्रीय परिभाषेतील शब्द आहे. ‘वजन’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसीच्या मार्गाने मराठीत आला आणि बाजारातील तोलण्याच्या व्यवहारात रुळला. ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ अशा प्रयोगांत तो लाक्षणिक अर्थानेही येतो.

‘जड’ या मराठी शब्दात दोन्ही कल्पना एकत्र नांदतात. उचलण्यास अवघड ते जड, आणि निश्चल, स्वतःहून न हलणारे तेही जड. पहिल्या अर्थाचा संबंध वजनाशी आहे. दुसऱ्या अर्थापासून ‘जडत्व’ ही संज्ञा आली असून तिचा संबंध वस्तुमानाशी आहे. गुरुत्वाकर्षण या शब्दातील ‘गुरुत्व’ ही वैशेषिक दर्शनातील जुनी संज्ञा असून पदार्थाच्या पतनास कारण होणारा गुण, असा तिचा तेथील अर्थ आहे.

वस्तुमान

शालेय पुस्तकांत वस्तुमानाची व्याख्या ‘पदार्थातील द्रव्यसंचय’ अशी दिलेली आढळते. ती आरंभास सोयीची असली, तरी द्रव्यसंचय मोजायचा कसा, हे तिच्यातून कळत नाही. न्यूटनच्या गतिविषयक दुसऱ्या नियमाने मापनाचा मार्ग मिळतो. त्या नियमानुसार

बल = वस्तुमान × त्वरण

म्हणजेच समान बल लावले असता ज्या पदार्थाच्या वेगात बदल सावकाश होतो, त्याचे वस्तुमान अधिक.

धक्क्याला लागलेली होडी हे याचे चांगले उदाहरण आहे. होडीचे सर्व वजन पाण्याने तोलून धरलेले असते, ती ढकलताना उचलावी लागत नाही. तरीही रिकामी होडी पायाच्या रेट्याने चटकन सरकते, तर मालाने भरलेली होडी तेवढ्याच रेट्याला हलताना वेळ लावते. एकदा गती मिळाली की भरलेली होडी थांबवणेही तितकेच अवघड असते. येथे जाणवणारा विरोध मुख्यतः वजनाचा नसून वस्तुमानाचा असतो. वजन कमी असलेल्या चंद्रावरही पदार्थाचा हा विरोध तेवढाच राहील.

वजन

पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ मुक्तपणे पडणाऱ्या पदार्थाचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो. यास गुरुत्वत्वरण म्हणतात. त्यामुळे

वजन = वस्तुमान × गुरुत्वत्वरण

१ किलोग्रॅम वस्तुमानाच्या पदार्थाचे वजन सुमारे ९.८ न्यूटन भरते. सुमारे १०० ग्रॅमचे लहान सफरचंद तळहातावर ठेवले असता जो भार जाणवतो, तो जवळजवळ १ न्यूटन असतो.

गुरुत्वत्वरण सर्वत्र सारखे नसते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने ध्रुवावरील पदार्थ केंद्राच्या अधिक जवळ असतो. शिवाय पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणाम विषुववृत्तावर सर्वाधिक असतो. या दोन्ही कारणांनी विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण कमी आणि ध्रुवांवर अधिक भरते. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या व्यक्तीचे निरनिराळ्या ठिकाणचे वजन पुढीलप्रमाणे येते (गुरुत्वत्वरण मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात दिले आहे):

• विषुववृत्त: गुरुत्वत्वरण ९.७८०, वजन सुमारे ४८९ न्यूटन
• ध्रुव: गुरुत्वत्वरण ९.८३२, वजन सुमारे ४९२ न्यूटन
• मंगळ: गुरुत्वत्वरण ३.७१, वजन सुमारे १८६ न्यूटन
• चंद्र: गुरुत्वत्वरण १.६२, वजन सुमारे ८१ न्यूटन

या चारही ठिकाणी त्या व्यक्तीचे वस्तुमान ५० किलोग्रॅमच राहते.

मापनाची साधने

तराजू: दोन पारड्यांच्या तराजूत एका पारड्यातील पदार्थावरील ओढ दुसऱ्या पारड्यातील मापांवरील ओढीशी ताडून पाहिली जाते. गुरुत्वत्वरण दोन्ही पारड्यांना सारखेच लागू असल्यामुळे त्याचा परिणाम तुलनेतून निघून जातो. म्हणून तराजू मुंबईत, ध्रुवावर किंवा चंद्रावर नेला, तरी १ किलोग्रॅम साखर १ किलोग्रॅमच्या मापाशीच समतोल साधेल. तराजू वस्तुतः वस्तुमानांची तुलना करतो.

ताणकाटा: ताणकाट्यातील स्प्रिंग पदार्थाच्या ओढीने ताणली जाते. हे साधन बल, म्हणजे वजन, मोजते. त्याच्या पट्टीवर किलोग्रॅमचे आकडे छापलेले असले, तरी ते विशिष्ट गुरुत्वत्वरण गृहीत धरून छापलेले असतात. लंडनमध्ये जुळवलेला ताणकाटा मुंबईत आणला, तर १ किलोग्रॅमचा पदार्थ त्यावर सुमारे अडीच ग्रॅम कमी दिसेल. चंद्रावर तो सुमारे १६५ ग्रॅमच दाखवील.

इलेक्ट्रॉनिक काटा: दुकानांतील इलेक्ट्रॉनिक काटाही आतील संवेदकावर पडणारे बलच मोजतो आणि त्याचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करून आकडा दाखवतो. म्हणून अचूक काम करणारा असा काटा ज्या ठिकाणी वापरायचा, तेथेच प्रमाणित मापे ठेवून जुळवून घ्यावा लागतो. सोन्यासारख्या मौल्यवान वस्तूच्या व्यवहारात हा सूक्ष्म फरकही उपेक्षणीय नसतो.

एकके

१७९९ मध्ये फ्रान्समध्ये प्लॅटिनमचा प्रमाण किलोग्रॅम तयार करण्यात आला. १८८९ मध्ये त्याची जागा प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूच्या दंडगोलाने घेतली. हा आंतरराष्ट्रीय प्रमाण किलोग्रॅम पॅरिसजवळील सेव्र येथे ठेवलेला असून त्याच्या प्रतिकृती निरनिराळ्या देशांना देण्यात आल्या. भारताकडील ५७ क्रमांकाची प्रतिकृती नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक की वजनाचे, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत व्यवहारात संदिग्धता होती. वजने व मापे यांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने १९०१ मध्ये ती दूर केली. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि वजन ही बलाच्या जातीची राशी आहे, असे तिने घोषित केले. प्रमाण गुरुत्वत्वरणाचे ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे मूल्यही त्याच परिषदेत निश्चित झाले. विद्यार्थ्यांना आज पडणारा प्रश्न शास्त्रज्ञांनाही अधिकृत ठराव करून सोडवावा लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शतकाभराच्या काळात मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रतिकृती यांच्या वस्तुमानांत काही दशलक्षांश ग्रॅमांचा फरक पडल्याचे आढळले. यामुळे २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या वस्तूऐवजी प्लँक स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावरून केली जाते.

भारतात मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ मध्ये होऊन दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वी प्रचलित असलेली शेर, मण, तोळा ही तोलण्याची मापेही तराजूनेच वापरली जात. अर्थात लोक त्यास वजन म्हणत असले, तरी मोजले जात होते ते वस्तुमानच.

संकल्पनेचा इतिहास

जड पदार्थ हलक्या पदार्थापेक्षा अधिक वेगाने खाली पडतो, असे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याचे मत होते आणि ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. भारतात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ.स. ११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून ती आकाशातील जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असा विचार मांडला. हा विचार महत्त्वाचा असला, तरी आकर्षणाचे परिमाण सांगणारा गणिती नियम किंवा वस्तुमान व वजन यांतील भेद त्यात नाही.

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ॲरिस्टॉटलच्या मतातील विसंगती केवळ तर्काने दाखवून दिली. जड दगड वेगाने आणि हलका दगड सावकाश पडत असेल, तर दोन्ही एकत्र बांधल्यावर काय होईल? हलका दगड जड दगडाला मागे खेचील, म्हणून जोडी जड दगडापेक्षा सावकाश पडेल. परंतु जोडी तर जड दगडापेक्षाही जड आहे, म्हणून ती अधिक वेगानेही पडली पाहिजे. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. म्हणून मूळ गृहीतकच चुकीचे ठरते. पिसा येथील कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची कथा प्रसिद्ध असली, तरी तिच्या सत्यतेविषयी इतिहासकार साशंक आहेत.

फ्रेंच खगोलनिरीक्षक झ्याँ रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला असता, पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला दोन मिनिटांहून अधिक मागे पडते, असे त्यास आढळले. केयेन विषुववृत्ताजवळ आहे. तेथे गुरुत्वत्वरण कमी असल्याने लंबक सावकाश झुलतो, हे त्याचे कारण होते. पदार्थ तोच राहिला तरी त्याचे वजन स्थळानुसार बदलते, याचा हा आरंभीचा ठोस पुरावा होय.

आयझॅक न्यूटन याने १६८७ मधील ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात दोन्ही राशींत स्पष्ट भेद केला आणि रिशेच्या निरीक्षणाचाही उपयोग केला. सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे निरनिराळे पदार्थ सारख्याच लांबीच्या लंबकांत ठेवून त्याने त्यांचे झुलणे ताडून पाहिले. सर्व लंबक एकाच तालात झुलले. यावरून वजन हे वस्तुमानाच्या समप्रमाणात असते, असा निष्कर्ष त्याने हजारात एक भाग इतक्या अचूकतेने काढला.

हा प्रयोग घरीही करता येतो. एकाच आकाराच्या दोन बाटल्यांपैकी एक पाण्याने व दुसरी वाळूने काठोकाठ भरून समान लांबीच्या दोऱ्यांनी टांगावी आणि थोड्याशा कोनातून एकाच वेळी सोडावी. टांगण्याच्या बिंदूपासून बाटलीच्या मध्यापर्यंतची लांबी १ मीटर असल्यास दहा आंदोलनांना दोन्ही बाटल्यांना सुमारे २० सेकंद लागतात. घरातल्या झोपाळ्यावर मूल बसो वा मोठा माणूस, झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो, त्याचेही कारण हेच.

जिज्ञासूंचे नेहमीचे प्रश्न

जड पदार्थाला पृथ्वी अधिक जोराने ओढते, तर तो आधी का पडत नाही?
१० किलोग्रॅमच्या दगडावर ९८ न्यूटन, तर १ किलोग्रॅमच्या दगडावर ९.८ न्यूटन बल कार्य करते. ओढ दहापट आहे, हे खरे. परंतु गती घेण्यास होणारा विरोधही दहापट आहे. ९८ ला १० ने भागले काय किंवा ९.८ ला १ ने भागले काय, त्वरण ९.८ च येते. पीस सावकाश पडते ते हवेच्या विरोधामुळे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. तेथे हवा नसल्यामुळे दोन्ही एकदमच जमिनीवर पोहोचले.

अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून अंतराळवीर तरंगतात का?
नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे गुरुत्वत्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृष्ठभागावरील मूल्याच्या जवळजवळ नऊ दशांश असते. गुरुत्वाकर्षण नसते, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते. सरळ रेषेत दूर निघून गेले असते. स्थानक आणि त्यातील माणसे सतत पृथ्वीच्या दिशेने पडतच असतात. परंतु आडव्या दिशेतील प्रचंड वेगामुळे पडण्याचा मार्ग पृथ्वीला वळसा घालत राहतो. माणूस आणि त्याच्या पायाखालचा पृष्ठभाग बरोबरच पडत असल्याने पृष्ठभागाचा रेटा पायांना लागत नाही. या स्थितीस वजनरहित अवस्था म्हणतात.

मग तेथे अंतराळवीरांचे वस्तुमान कसे मोजतात?
साधा तराजू किंवा काटा तेथे निरुपयोगी ठरतो. १९७३ मधील स्कायलॅब या स्थानकावर स्प्रिंग लावलेल्या आसनाचा उपयोग केला गेला. अंतराळवीर त्यावर बसून मागेपुढे झुलत असे. वस्तुमान जितके अधिक, तितके झुलणे संथ. झुलण्याच्या कालावधीवरून वस्तुमान काढता येई. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात ठरावीक बलाने शरीर ओढून त्याचे त्वरण मोजण्याची पद्धत आहे. वजन नाहीसे झाल्यासारखे वाटले, तरी वस्तुमान तसेच असते, याचा याहून उघड पुरावा नाही.

लिफ्टमध्ये वजन कमी-जास्त का वाटते?
आपल्याला पृथ्वीची ओढ थेट जाणवत नाही. जाणवतो तो पायांखालच्या जमिनीचा वरच्या दिशेचा रेटा. ६० किलोग्रॅमची व्यक्ती काट्यावर उभी असून लिफ्ट वरच्या दिशेने १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघाली, तर काटा सुमारे ६६ किलोग्रॅम दाखवील. खालच्या दिशेने तेवढ्याच त्वरणाने निघाली, तर सुमारे ५४. लिफ्ट एकसमान वेगाने चालू लागली की आकडा पुन्हा ६० वर येतो.

दगडही पृथ्वीला ओढतो का?
होय, आणि तेवढ्याच बलाने. पृथ्वी दगडाला ९.८ न्यूटन बलाने ओढत असेल, तर दगडही पृथ्वीला ९.८ न्यूटन बलानेच ओढतो. बले समान असूनही परिणाम समान नसतात, कारण वस्तुमाने समान नाहीत. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ वर चोवीस शून्ये इतके किलोग्रॅम असल्यामुळे तिचे त्वरण मोजता येणार नाही इतके अल्प असते.

एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?
‘दोन्ही सारखेच’ हे या जुन्या कोड्याचे उत्तर वस्तुमानाच्या दृष्टीने बरोबर आहे. एकाच ठिकाणी दोन्हींवरील पृथ्वीची ओढही सारखीच असते. परंतु पाण्याप्रमाणे हवाही पदार्थावर वरच्या दिशेने प्लावक बल लावते. कापसाच्या तंतूंचे एकूण आकारमान लोखंडापेक्षा अधिक असल्यामुळे त्यावर हे बल जास्त असते. (तंतूंमधील मोकळी जागा येथे धरायची नाही, कारण तीत हवाच असते.) त्यामुळे अतिसंवेदनशील काट्यावर १ किलोग्रॅम कापूस १ किलोग्रॅम लोखंडापेक्षा सुमारे ०.६ ग्रॅम हलका दिसेल. निर्वात जागेत हा फरक उरणार नाही.

व्याख्येविषयी मतभेद

वजनाची व्याख्या सर्व पुस्तकांत एकसारखी आढळत नाही. काही लेखक वजन म्हणजे पदार्थावरील गुरुत्वाकर्षणाचे बल असे मानतात. या व्याख्येनुसार ६० किलोग्रॅमच्या अंतराळवीराचे अंतराळस्थानकातील वजन सुमारे ५२० न्यूटन असते आणि ‘वजनरहित’ हा शब्द केवळ भासमान स्थितीचा वाचक ठरतो. अन्य लेखक आधार देणाऱ्या पृष्ठभागावर किंवा काट्यावर पडणारे बल म्हणजे वजन असे मानतात. त्यांच्या मते तेच वजन खरोखरच शून्य असते. पहिल्या पद्धतीत काट्यावरील आकड्याला ‘भासमान वजन’ म्हणतात. महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात पहिली व्याख्या रूढ आहे. उदाहरणे सोडवताना पुस्तकाने कोणती व्याख्या स्वीकारली आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते. दोन्ही पद्धतींत वस्तुमानाविषयी मतभेद नाही.

समप्रमाणाचा अर्थ

वरील विवेचनात वस्तुमान दोन भूमिकांत येते. पदार्थ गतीला किती विरोध करतो हे सांगणारे ते जडत्वीय वस्तुमान, आणि त्यावर गुरुत्वाकर्षण किती कार्य करते हे सांगणारे ते गुरुत्वीय वस्तुमान. या दोन भूमिका तत्त्वतः स्वतंत्र आहेत. विद्युत्‌बल पदार्थावरील विद्युत्‌भारावर अवलंबून असते आणि विद्युत्‌भाराचा वस्तुमानाशी ठरावीक संबंध नसतो; तसेच गुरुत्वाकर्षणाचेही असू शकले असते. मग निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या त्वरणांनी पडले असते, आणि तराजूने तोललेल्या मालावरून त्याचे जडत्व कळले नसते. प्रत्यक्षात ही दोन्ही वस्तुमाने समान आढळतात.

हंगेरियन शास्त्रज्ञ लोरांद अ्योत्व्योश याने पीळतराजूच्या साहाय्याने १८८९ मध्ये ही समानता दोन कोटींत एक भाग इतक्या अचूकतेने पडताळून पाहिली. २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार, सुमारे एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत एक भाग या सूक्ष्मतेपर्यंतही फरक आढळला नाही.

न्यूटनच्या सिद्धान्तात ही समानता अनुभवाने आलेली, पण कारण न सांगता स्वीकारलेली बाब होती. अल्बर्ट आइनस्टाइन याने १९०७ मध्ये तिलाच विचाराचा आरंभबिंदू केले. मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही, या निरीक्षणावरून त्याने समतुल्यतेचे तत्त्व मांडले आणि त्यातून १९१५ मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धान्त पूर्ण झाला. वाण्याच्या काट्यावर वस्तुमानाला वजन म्हणून चालते, ते या समानतेमुळेच. भाषेतील ही सवलत निसर्गाने दिलेली असली, तरी होडी ढकलताना, लिफ्टमध्ये उभे असताना किंवा पृथ्वीबाहेर पाऊल टाकताना दोन्ही राशी वेगळ्या ओळखाव्याच लागतात.

हेही पाहा: गुरुत्वाकर्षण, जडत्व, न्यूटनचे गतिविषयक नियम, मुक्त पतन, प्लावक बल, किलोग्रॅम